टांगतं शिल्प आणि दोन प्रोजेक्टर एकाच हॉलमध्ये: मांडणी कुठून सुरू करायची

विचारलेलं थोडक्यात असं: मुंबईत फोर्ट भागातल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ४० बाय २२ फुटांचा हॉल, छत १३ फुटांवर. लोखंडी पट्ट्या आणि सुती दोर यांचं साधारण ६० किलोचं टांगतं शिल्प, मोटरवर सावकाश फिरणारा पत्र्याचा एक तुकडा आणि शेजारी शेजारी दोन प्रोजेक्टरवर चालणारा ११ मिनिटांचा दोन चॅनलचा व्हिडिओ. प्रदर्शन ऑगस्टमध्ये, महिनाभर. काय आधी करायचं आणि काय काय बिघडतं?

आधी उजेडाचं गणित करा. बहुतेक जण शिल्प कुठे टांगायचं इथून सुरुवात करतात आणि शेवटच्या दिवशी कळतं की शिल्पावर दिवा टाकला की व्हिडिओ धुतल्यासारखा फिका पडतो. मग घाईघाईत दिवे मंद केले जातात आणि शिल्प अंधारात जातं. शिल्पाला उजेड हवा, व्हिडिओला काळोख हवा. ही ओढाताण कागदावरच मिटवावी लागते.

तुमच्या हॉलसाठी आकडे मांडू. २२ फुटांच्या आखूड भिंतीवर दोन चित्रं, प्रत्येकी साडेनऊ फूट रुंद, मध्ये एक फूट मोकळी जागा. १६:९ प्रमाणात उंची होते सुमारे ५ फूट ४ इंच. एका चित्राचं क्षेत्रफळ साधारण पावणेपाच चौरस मीटर. ४,००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे मशीन एकूण किती उजेड फेकतं) प्रोजेक्टर घेतला तर कागदावर साडेआठशे लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्यूमेन) मिळतात. पण रंग नीट दिसावेत म्हणून आपण ‘सिनेमा’ किंवा तत्सम मोड लावतो, पंख्याचा आवाज कमी व्हावा म्हणून इको मोड लावतो, शिवाय मशीन भाड्याचं म्हणजे वापरलेलं असतं. हाती निम्मे, म्हणजे ४०० धरा. आता त्याच भिंतीवर शिल्पाच्या दिव्यांचा १० लक्स उजेड सांडला, तर पांढऱ्या आणि काळ्यातलं गुणोत्तर ४१:१ राहतं. ४० लक्स सांडला तर ११:१. पहिल्यात रात्रीचा प्रसंग रात्रीसारखा दिसतो, दुसऱ्यात राखाडी दुपारसारखा. म्हणून जास्त ल्यूमेनचा प्रोजेक्टर शोधत पैसे घालवण्याआधी सांडलेला उजेड कमी करा. ते जवळपास फुकटात होतं.

त्यासाठी शिल्पाचे स्पॉट १० ते १५ अंशांच्या अरुंद झोताचे घ्या, पुढे हनिकोम (मधाच्या पोळ्यासारखी) जाळी लावा आणि सगळे दिवे पडद्याकडे पाठ करून बसवा. झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त तिरपा नको, नाहीतर तो शिल्प ओलांडून समोरच्या भिंतीवर जातो. सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फरशी. पॉलिश केलेली कोटा किंवा संगमरवर असेल तर वरून पडलेला उजेड तीच फरशी पडद्यावर परत फेकते. शिल्पाखालचा भाग गडद राखाडी, मॅट कार्पेटने झाका. चकचकीत व्हिनाइल नको. पडद्याच्या बाजूच्या भिंती आणि त्यावरची छताची पट्टी गडद राखाडी मॅट रंगवा. पूर्ण काळा रंग दिसायला रुबाबदार, पण त्यावर हाताचे ठसे आणि चुना लगेच उठून दिसतात आणि प्रदर्शन संपल्यावर तो झाकायला पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यावे लागतात. उजेड मोजायला लक्स मीटर आणा. फोनमधली ॲप्स इतक्या कमी उजेडात काहीही सांगतात.

प्रोजेक्टर किती लांब टांगायचा, हे त्याच्या थ्रो रेशोवरून ठरतं: चित्राची रुंदी गुणिले रेशो. १.५ रेशो असेल तर साडेनऊ फुटांना सव्वाचौदा फूट. म्हणजे ४० फुटांतले पहिले १५ फूट व्हिडिओचे झाले, तिथे शिल्प येऊ शकत नाही. ०.५ रेशोचा शॉर्ट थ्रो घेतला तर पावणेपाच फुटांत काम होतं, पण मग भिंतीचा प्रत्येक फुगवटा चित्रात दिसतो, आणि जुन्या चुन्याच्या भिंतींना फुगवटे असतातच. शॉर्ट थ्रो घेणारच असाल तर १२ मिलिमीटर प्लायचा सपाट पडदा भिंतीपासून सुटा उभा करावा लागेल. तुमच्याकडे लांबी आहे, साधा लेन्स पुरे.

उंची अशी ठेवा: चित्राची खालची कड जमिनीपासून ३ फूट ७ इंच, वरची सुमारे ९ फूट, लेन्स साडेनऊ फुटांवर. या मापात पाच फूट सात इंच उंचीचा माणूस भिंतीपासून सुमारे पाच फूट किंवा त्याहून लांब असेल तर त्याची सावली चित्रावर पडत नाही. म्हणून बाक आठ ते दहा फुटांवर ठेवला आणि मधल्या भागात कार्पेटचा रंग बदलला की लोक आपसूक मागे राहतात. दोऱ्या बांधाव्या लागत नाहीत. चित्र वाकडं आलं तर कीस्टोन दुरुस्ती (तिरकं चित्र मशीनच्या मेनूतून चौकोनी करणं) वापरू नका. तिने पिक्सेल दाबले जातात, बारीक रेषा थरथरतात आणि कडेला राखाडी चौकट दिसते. मशीन ओळंब्यात आणि भिंतीशी काटकोनात बसवा, उरलेलं लेन्स शिफ्टने (मशीन न हलवता फक्त लेन्स सरकवून) भागवा. भाड्याने घेताना लेन्स शिफ्ट आहे ना, हे विचारूनच घ्या. आणि दोन्ही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे, शक्यतो सारख्या तासांचे मागा. एकाचा पांढरा निळसर आणि दुसऱ्याचा पिवळट असेल तर दोन चॅनलचं काम दोन वेगळी कामं वाटतं.

छत १३ फुटांवर आणि मशीन साडेनऊवर, म्हणजे तीन-साडेतीन फुटांचा पाइप खाली लोंबणार. असा पाइप हलतो. वरच्या मजल्यावर कोणी चाललं, शेजारचा पंखा फिरला, तरी चित्र किंचित डुलतं आणि दोन चित्रं शेजारी असल्यामुळे ते लगेच लक्षात येतं. पाइपाला दोन दिशांना तिरके ताण द्या, बारीक तारेचे चालतील.

सावली मुद्दाम हवी असेल तर गोष्ट वेगळी. चित्रकार नलिनी मलानी यांच्या, जर्मनीतल्या २०१२च्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनातल्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’मध्ये रंगवलेले मायलारचे (पारदर्शक प्लास्टिकचे) सिलिंडर प्रोजेक्टरच्या झोतात फिरत होते आणि सावल्या हा त्या कामाचाच भाग होता. तुमचा फिरता पत्रा झोतात आणायचा का, हे तुम्ही आत्ता ठरवा. अर्धवट आत आलेला पत्रा फक्त चूक वाटतो. शिवाय पत्रा आरशासारखा वागतो: दर फेरीला एक पांढरा पट्टा लोकांच्या डोळ्यांवरून फिरून जाईल. तो टाळायचा असेल तर पत्र्याची पडद्याकडची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून मॅट करा.

खिडक्या बंद करणं ऑगस्टमध्ये निराळंच प्रकरण असतं. सुतार सवयीने एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) ठोकेल. जुन्या लाकडी खिडक्यांतून झिरपणारं पाणी पिऊन तो आठवड्यात फुगतो आणि कडेने उजेड आत येतो. खिडकीत काळी सनपॅक (पोकळ प्लास्टिकची) शीट बसवा, कडा काळ्या फोम टेपने बंद करा आणि त्याच्या आत, हातभर अंतरावर, ब्लॅकआउट कापड सोडा. कापड भिंतीला चिकटू देऊ नका, ओल आली की वास आणि बुरशी दोन्ही येतात. दाराशी पडदा एकच लावला तर प्रत्येक माणूस आत येताना उजेडाचा चाबूक मारतो. इंग्रजी एस अक्षरासारखी, दोन वळणांची वाट करा. रुंदी चार फुटांपेक्षा कमी नको, व्हीलचेअर वळली पाहिजे. कापड अग्निरोधक प्रक्रिया केलेलं घ्या आणि बाहेर जाण्याच्या मार्गाची हिरवी पाटी झाकू नका. ती चित्रात त्रास देते म्हणून तिच्यावर टेप लावलेली अनेक ठिकाणी दिसते. असं करू नये, पाटीला छज्जासारखी छोटी झडप लावली की तिचा उजेड खाली जातो.

आता टांगण्याकडे. अशा इमारतीचं छत बहुतेक लादी-कोब्याचं असतं: लोखंडी गर्डर किंवा सागाच्या तुळया, त्यावर दगडी लाद्या आणि वर कोबा, म्हणजे चुन्याचा जाड थर. लादीत ड्रिल करून अँकर फास्टनर ठोकायचा नाही. दगड भेगाळतो, आणि आतून कुठे सुटा झालाय हे खालून कळत नाही. वजन गर्डरवर किंवा तुळईवर घ्या. गर्डर असेल तर बीम क्लॅम्प (गर्डरची कड पकडणारा लोखंडी चिमटा), तुळई असेल तर तिच्याभोवती चपट्या पट्ट्याचा वेढा, खाली फेल्टची घडी. खालून जिप्समचं फॉल्स सीलिंग दिसत असेल तर ते फक्त स्वतःचं वजन पेलतं, हे गृहीत धरा. हेरिटेज इमारत असल्यामुळे छताला हातच लावू दिला नाही, तर ॲल्युमिनियमच्या बॉक्स ट्रसची गोलपोस्टसारखी चौकट जमिनीवर उभी करावी लागते. कोची बिएनालेसाठी ओळखलं जाणारं अॅस्पिनवॉल हाउस किंवा पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सवासाठी वापरली जाणारी जुन्या जीएमसीची (गोवा मेडिकल कॉलेजची) इमारत यांसारख्या वास्तूंतही भिंतीला आणि छताला कमीत कमी हात लावून उभं राहणारं कामच सोयीचं. चौकटीच्या पायांखाली १८ मिलिमीटर प्लायचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे टाका, म्हणजे भार एका लादीवर येणार नाही. या सगळ्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक चिठ्ठी घ्या. गॅलरी विमा काढणार असेल तर ती मागतेच.

६० किलो तीन बिंदूंवर टांगताना ‘प्रत्येकी २० किलो’ असा हिशोब करू नका. तीन तारांत वजन कधीच सारखं वाटलं जात नाही, एक नेहमी ढिली असते. प्रत्येक तार पूर्ण ६० किलो पेलणारी घ्या. ३ मिलिमीटरची ७×७ (सात-सात तारांचे सात पेड पिळलेली) स्टेनलेस वायर रोप साधारण ५०० किलोच्या आसपास तुटते. क्लिप लावल्यावर ताकद सुमारे ८० टक्के राहते, म्हणजे ४००. साठाला सहापटीहून जास्त. डोक्यावरच्या वजनाला किमान पाचपट हवीच. तार जितकी आडवी तितका ताण वाढतो, तेव्हा तारा जमिनीशी ६० अंशांपेक्षा उभ्या राहतील असे बिंदू निवडा. टोकाला थिंबल (तारेच्या वळशात बसणारी धातूची खाच), त्यावर किमान दोन क्लिप, तीन असतील तर उत्तम. क्लिपचा यू नेहमी कापलेल्या आखूड टोकावर आणि खाचा असलेला ठोकळा भार घेणाऱ्या तारेवर. फॅब्रिकेटरची पोरं निम्म्या वेळा उलट लावतात आणि यू भार घेणाऱ्या तारेला चावतो. वर चढून स्वतः बघा. टर्न बकल (तार ताणायचा दुतोंडी स्क्रू) फिरू नये म्हणून त्याच्या भोकातून बाइंडिंग वायर ओवा. या तीन तारांखेरीज एक वेगळी सेफ्टी तार, किंचित ढिली, वेगळ्या बिंदूवरून.

सुती दोरांवर वजन ठेवू नका. पिळाचा सुती दोर कोरडा असताना भाराखाली लांबतो आणि दमट हवेत आखडतो. दिवसा एसी चालू, रात्री बंद, असं झालं की शिल्प रोज थोडं वर-खाली होतं आणि आठवड्यात तिरकं दिसू लागतं. दोराच्या पोटातून तीच वायर रोप काढा आणि दोर फक्त दिसण्यापुरता ठेवा. लोखंडाला मुंबईची खारी हवा दोन-चार दिवसांत गंज आणते. गंज हवाच असेल तर तो आधी येऊ द्या, ब्रशने सुटा भाग झाडा आणि मॅट लॅकर किंवा मेणाचा हात द्या. नाहीतर तांबूस पावडर पांढऱ्या दोरांवर उतरते आणि मग ती निघत नाही. शक्य असेल तर एसी किंवा डिह्युमिडिफायर रात्रीही चालू ठेवा. रात्रभर बंद राहिलेल्या थंड हॉलमध्ये सकाळी दमट हवा शिरली की लोखंडावर आणि लेन्सवर दव धरतं.

फिरत्या पत्र्याचं वजन मोटरच्या दांड्यावर टाकू नका. वर थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलत फिरणारं) बसवा, पत्रा त्यावर लटकू द्या आणि मोटरला फक्त फिरवायचं काम द्या. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी १२ व्होल्टची जॉन्सन गिअर मोटर, मिनिटाला दहा फेऱ्यांची घेऊन पीडब्ल्यूएमने (वीज तुटक-तुटक देऊन वेग कमी करणाऱ्या सर्किटने) आणखी सावकाश केली तर पुरते. पण तिचे कार्बन ब्रश झिजतात. रोज आठ तास आणि २६ दिवस म्हणजे दोनशेच्या वर तास होतात. म्हणून टायमरवर चार मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद ठेवा आणि तशीच एक मोटर जोडणीच्या वायरसह डब्यात तयार ठेवा. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाख देऊन जोडा, नाहीतर तिची खरखर स्पीकरमध्ये ऐकू येते. मोटर प्लायच्या पेटीत बसवलीत तर पेटीच ढोलकी होते. मध्ये रबराच्या गाद्या हव्यात. माणूस आल्यावर मोटर फिरवायची म्हणून पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर लावणार असाल, तर तो प्रोजेक्टरच्या गरम हवेच्या वाटेत येऊ देऊ नका. ते सेन्सर उष्णतेचा बदल ओळखतात, त्यांना माणूस आणि गरम हवेचा झोत यांत फरक कळत नाही.

व्हिडिओबद्दल पहिलं सांगणं: लॅपटॉप नको. अपडेट, स्क्रीन सेव्हर, कोपऱ्यातल्या सूचना, सगळं भर प्रदर्शनात येतं. वीज आली की आपोआप सुरू होणारा आणि न थांबता लूप करणारा मीडिया प्लेयर घ्या. दोन चॅनलसाठी दोन साधे प्लेयर एकाच बटणावर लावून ‘एकदम सुरू होतात ना’ असं म्हणणं पहिल्या तासापुरतं खरं असतं. आठ तासांत ११ मिनिटांच्या ४३ फेऱ्या होतात. प्रत्येक लूपला पाव सेकंदाचा फरक पडला तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही चित्रांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतं. दोन उपाय आहेत. नेटवर्क केबलने एकमेकांशी बांधले जाणारे ब्राइटसाइनसारखे प्लेयर, किंवा एकच ४के प्लेयर आणि पुढे व्हिडिओ वॉल कंट्रोलर, म्हणजे दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवून नंतर कापून दोन प्रोजेक्टरना द्यायची. दुसऱ्यात चित्रं सुटण्याची शक्यताच राहत नाही, आणि माझा कल तिकडेच.

फाइल एच.२६४, एमपी४, दर चॅनलला १५ ते २० मेगाबिट. त्याहून जड फाइलने छोटे प्लेयर अडखळतात आणि भिंतीवर फरक काही दिसत नाही. चित्रण २५ फ्रेमचं असेल तर प्लेयरचं आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा. ६० वर ठेवलं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठेचकाळतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, एक्सफॅट करा, पण प्लेयरला ते वाचता येतं का ते आधी तपासा. साधी एचडीएमआय केबल सात-आठ मीटरनंतर बेभरवशाची. त्यापुढे फायबरवाली घ्या आणि तिचं ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेयरकडेच लावा. उलटी ओढून छतात पक्की केली की सगळी पुन्हा काढावी लागते. काही प्लेयर प्रोजेक्टरआधी जागे झाले तर समोर पडदाच नाही असं समजून भलतंच रिझोल्यूशन पाठवतात. मध्ये ईडीआयडी एम्युलेटर (पडदा कायम जोडलेला आहे असं प्लेयरला भासवणारी डबी) लावला की हा प्रश्न मिटतो.

विजेचा लोड तुमच्या कामात फारसा नाहीच. दोन लेझर प्रोजेक्टर ६०० वॉट, स्पीकर ८०, मोटर आणि प्लेयर मिळून ६०, एलईडी स्पॉट सव्वाशे. सगळं धरून चार ॲम्पिअरच्या आत. अडचण अर्थिंगची. जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन नुसती शोभेची असते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करायला सांगा. अर्थ नाही म्हणून न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडायला कोणी निघालं तर थांबवा. तुमचं शिल्प लोखंडी आहे आणि त्यावर मोटर आहे. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ते लोकांसमोर ठेवू नका. स्पीकर आणि प्लेयर एकाच सर्किटवर घ्या, नाहीतर पन्नास हर्ट्झची घूंऽऽ सुरू होते. दोन केव्हीएचा यूपीएस प्रोजेक्टरसह सगळ्या व्हिडिओला लावा. दिवा असलेला प्रोजेक्टर क्षणभर वीज गेली तरी बंद पडतो आणि थंड होईपर्यंत परत लागत नाही. लेझरला ही कटकट नाही, म्हणून भाडं थोडं जास्त पडलं तरी लेझर.

आवाजासाठी एवढंच: दगडी फरशी आणि चुन्याच्या भिंतींत शब्द एकमेकांत मिसळतात. कार्पेट आणि चुण्या घातलेले जाड पडदे बरंच काम करतात, पडदा भिंतीपासून चार इंच सुटा असेल तर आणखी. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, बाकावर ६० ते ६५ डेसिबल. यापेक्षा मोठा ठेवला तर दिवसभर तिथे उभा राहणारा गार्ड चौथ्या दिवशी स्वतःच कमी करतो.

कामाचा क्रम बदलू नका: अंधार आणि रंग, मग वायरिंग आणि टांगणीचे बिंदू, मग शिल्प, मग प्रोजेक्टर, सर्वात शेवटी दिव्यांचं फोकस. ड्रिल किंवा घासकाम चालू असताना प्रोजेक्टर पिशवीतच राहू द्या. सिमेंटची धूळ आत गेली की चित्रात धुरकट डाग येतात आणि ते जागेवर साफ होत नाहीत. फोकससाठी संध्याकाळ ठेवा, आणि त्यानंतर सगळं किमान एक पूर्ण दिवस कोणीही हात न लावता चालवा. लूपमधली काळी फट, गरम होणारी मोटर, दोन चित्रांचा सुटणारा मेळ, यातलं काहीच पहिल्या तासात दिसत नाही.

उद्घाटनानंतर यंत्रं चालवणार तो गार्ड किंवा शिपाई. त्याच्यासाठी मराठीत एक पान लिहा, स्विचवर आकडे चिकटवा आणि सकाळी-संध्याकाळी त्याच क्रमाने दाबायला सांगा. खाली एक फोटो जोडा: सगळं नीट चालू असताना हॉल कसा दिसतो. दर सोमवारी प्रोजेक्टरचा फिल्टर झटकायचा, तारांच्या क्लिप बोटाने चाचपायच्या, शिल्पाच्या तीन टोकांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून वहीत लिहायची. उंची सेंटिमीटरभर जरी बदलली असली तर तार सरकते आहे असं समजून त्याच दिवशी खाली माणसं येणं थांबवायचं. बाहेरच्या पाटीवर ‘११ मिनिटे, सलग’ असं लिहा, लोक थांबतात.

उतरवताना उलट क्रम: आधी प्रोजेक्टर आणि प्लेयर पेट्यांत, मग शिल्प, मग खिडक्या आणि रंग. शिल्प सोडण्याआधी त्याखाली घोडे (टेकूचे स्टँड) आणि गादी लावून भार पूर्ण उचलून घ्या आणि मगच टर्न बकल सैल करा. सेफ्टी तार सगळ्यात शेवटी कापायची.